वेशीच्या आतले मूल



वसंत ऋतूत संध्याकाळच्या वाऱ्याला बसून चार विचार ऐकण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली ती सुरू झाली आणि पुढे गावोगावी पसरली. मोरोपंतांच्या बारामतीला व्याख्यान ऐकण्याची आवड कोणी शिकवावी असे नाही. तथापि आजचा आमचा विषय रुक्ष वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. मुलांच्या रक्षणासाठी ज्या समित्या कायद्याने आणि शासनाच्या योजनेने गावोगावी नेमायच्या आहेत, त्यांच्या कामावर गावाने लक्ष कसे ठेवावे, हा तो विषय. समिती हा शब्द ऐकला की माणूस घड्याळाकडे पाहतो! म्हणून समितीपासून आरंभ न करता, डोळ्यांनी पाहिलेल्या एका गोष्टीपासून आम्ही आरंभ करतो.

गेल्या हंगामात, पौषातल्या एका सकाळी, आम्ही या बागायती पट्ट्यातल्या एका गावी गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण ते कोणतेही असू शकेल. रस्त्याच्या कडेला पडीक रानात ऊसतोडणी कामगारांच्या चाळीस-पन्नास कोप्या होत्या. मोठी माणसे पहाटेच फडावर गेली होती. एका कोपीपुढे दहा वर्षांची एक मुलगी तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत होती. तिच्या पाठीशी तिचा लहान भाऊ, कमरेला दोरी आणि दोरीचे दुसरे टोक खुंटाला. चुलीकडे जाऊ नये म्हणून बांधलेला. आम्ही विचारले, "बाळ, शाळा कुठं?" ती म्हणाली, "नाव गावाकडं हाय." गाव मराठवाड्यातले. नाव तिकडच्या शाळेत आणि मुलगी इकडे चुलीपाशी. गावातली शाळा तेथून हाकेच्या अंतरावर होती. घंटा ऐकू येत होती.

पुढे चावडीवर गावच्या कारभारी मंडळींशी बोलणे झाले. मंडळी भली होती. चहा झाला. भिंतीवर ग्राम बाल संरक्षण समितीचा फलक होता, त्यावर अध्यक्षांपासून सदस्यांपर्यंत साऱ्यांची नावे होती. आम्ही त्या मुलांविषयी विचारले तेव्हा एक गृहस्थ अगदी सरळपणे म्हणाले, "साहेब, ती आपली नव्हेत. ती कारखान्याची." जाताना ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा तरुण भेटला. त्याला विचारले. तो म्हणाला, "आमच्याकडं कोयत्यांची यादी असते, पोरांची नसते."

श्रोतेहो, "ती आपली नव्हेत" या तीन शब्दांविषयीच आज आम्हांला बोलायचे आहे. बाकी सारे या तीन शब्दांचे भाष्य समजावे.

प्रथम कायद्याने काय व्यवस्था केली आहे ती थोडक्यात सांगतो. २०१५ चा बाल न्याय अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात निदान एक बाल कल्याण समिती असावी लागते: एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यांत निदान एक स्त्री. या समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. काळजी आणि संरक्षण यांची गरज असलेले मूल सापडले, तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत ते समितीपुढे आणावे लागते. आईबापांपासून ताटातूट झालेले मूल आढळूनही ते न कळवणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. २०२१ च्या दुरुस्तीने या साऱ्या यंत्रणेवर देखरेख करण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे अधिक स्पष्टपणे आली.

पण आमच्या जिल्ह्याच्या समितीचे कामकाज पुणे शहरात चालते. बारामतीहून ते सुमारे १०० किलोमीटर, इंदापूरहून सुमारे १४०. इतक्या दुरून कोपीतली मुलगी दिसत नाही. म्हणून २००९ साली आलेल्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेत आणि आताच्या मिशन वात्सल्यमध्ये खालच्या पायऱ्या घातल्या आहेत. गावाला समिती, सरपंच तिचे अध्यक्ष. अंगणवाडी सेविका, आरोग्यसेविका, शिक्षक, गावातली जाणती माणसे आणि दोन मुले तिचे सदस्य. तालुक्याला समिती, तिचे अध्यक्षपद पंचायत समितीच्या सभापतींकडे. शहरात प्रभागाला समिती. योजना करणाऱ्यांनी मुलांनाही सदस्य केले, ही गोष्ट आम्हांला फार आवडते. तात्पर्य, कागदावर उणीव नाही. उणीव असलीच तर कागद आणि कोपी यांच्या मधल्या अंतरात आहे.

आता एक शंका येईल, की ही सारी परक्यांची, अलीकडची कल्पना असावी. तसे मुळीच नाही. या जिल्ह्यातच, पुण्यात, १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तेथे जन्मलेल्या यशवंताला आपले मूल म्हणून वाढवले. इंदापूरवरून वारीची वाट जेथे जाते त्या पंढरपुरात, १८७५ साली, तेथे न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांनी टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम सुरू केला; मुंबईच्या प्रार्थना समाजाने तो पुढे चालवला. या माणसांना कोणत्या अधिनियमाने भाग पाडले नव्हते. डोळ्यांसमोर मूल होते आणि त्यांनी ते आपले मानले. मूल कोणाच्या जातीचे, कोणत्या गावचे, कोणाच्या पापाचे, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला नाही. कायदा नंतर आला: १९२४ साली मुंबई इलाख्याचा बालकांचा कायदा, १९४८ साली तोच नव्याने, पुढे १९८६, २००० आणि २०१५ चे देशभराचे कायदे. दयेचे कर्तव्य झाले, हे चांगलेच झाले. पण कर्तव्य झाले की ते कोणाचे, हा प्रश्न येतो आणि तेथेच मूल हातांतून निसटते.

ते कसे निसटते याचा एक दाखला आम्ही इंग्लंडातून देतो. दाखला दूरचा आहे, पण दुखणे आपलेच आहे. डेनिस ओनील नावाचा बारा वर्षांचा मुलगा. वेल्समधल्या न्यूपोर्ट शहराच्या नगरपालिकेने त्याला घरच्या हालांतून सोडवून आपल्या ताब्यात घेतले आणि १९४४ साली श्रॉपशायर परगण्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी सांभाळायला ठेवले. पालिका एका ठिकाणची, शेत दुसऱ्या परगण्यातले. न्यूपोर्टला वाटे, तिकडचे लोक लक्ष ठेवतील. तिकडच्यांना वाटे, मूल न्यूपोर्टचे आहे. महिने गेले. डिसेंबरात न्यूपोर्टहून एक कर्मचारी जाऊन पाहून आली आणि मुलाला तेथून हलवावे असे तिने कळवले. कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला. ९ जानेवारी १९४५ रोजी उपासमार आणि मारहाण यांनी तो मुलगा मेला. चौकशी झाली, पुढे कर्टिस समितीचा अहवाल १९४६ साली आला, आणि १९४८ च्या कायद्याने तेथल्या प्रत्येक परगण्याला मुलांसाठी स्वतंत्र समिती व एक जबाबदार अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. दोन कचेऱ्यांच्या मध्ये पडलेले मूल कोणाचेच नसते, एवढे एक सत्य शिकण्यासाठी त्या देशाला एक पोर गमवावे लागले.

आमच्या राज्यातले दाखले सांगताना जीभ जड होते. २०१० साली ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील कवडास येथल्या बौद्धिक दिव्यांग मुलांच्या आश्रमातील मृत्यूंची बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली आणि अशा संस्था पाहण्यासाठी समिती नेमली. २०११ साली पनवेलजवळच्या एका गृहातील मुलींवर झालेले अत्याचार उजेडात आले. बिहारात २०१८ साली मुजफ्फरपूरच्या मुलींच्या गृहाची गोष्ट साऱ्या देशाने ऐकली. ते गृह शासनाच्या अनुदानावर चालत होते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे कार्यकर्ते तेथे गेले, मुलींशी बोलले, आणि त्यांच्या अहवालामुळे ते पाप बाहेर पडले. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने गुन्हेगारांना दोषी ठरवले. तत्पूर्वी ५ मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व बालगृहांची नोंदणी आणि तपासणी समित्यांची नेमणूक यांविषयी आदेश दिले होते. कायद्यातही तजवीज आहे: तीन महिन्यांतून निदान एकदा प्रत्येक बालगृहाला भेट, भेट देणारे निदान तिघे, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी.

या साऱ्या प्रकरणांतून एकच धडा निघतो. सत्य वहीतून बाहेर आले नाही; बाहेरचे कोणीतरी आत गेले, मुलाजवळ बसले, आणि त्याला विचारले, तेव्हा ते बाहेर आले. देखरेख म्हणजे याहून निराळे काही नाही.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे वळू. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास या माळावर खेळू लागले आणि येथला ऊस उभा राहिला. वालचंदनगरने कारखानदारीचा पाया घातला. पुढे सहकार आला. आज बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा, ही नावे लहान मुलालाही पाठ असतात. हे वैभव ज्यांच्या हातांनी फडातून गव्हाणीपर्यंत जाते, ती माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना अशा जिल्ह्यांतून येतात आणि पट्टा पडला की चैतात परत जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत हात थांबत नाहीत.

या धंद्यात माणसे कशी मोजतात, ते ध्यानात घ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मग मूल किती? मूल काहीच नाही. कराराच्या कागदावर, उचलीच्या हिशेबात, टोळीच्या यादीत मूल शून्य आहे. पण ट्रकमधून ते येते. कोपीत झोपते. वाढे गोळा करते, भावंडे सांभाळते, पाणी भरते. आणि मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली, की आईबापांना दुसरी काळजी लागते. गावी एकटी कोणाजवळ ठेवावी? फडावर आणावी तर कोपीला दार नाही. लग्न करून दिले तर काळजी मिटते आणि एक नवा कोयताही तयार होतो, त्यावर उचलही मिळते. मुलीचे वय अठरा, मुलाचे एकवीस हा कायदा आईबापांना ठाऊक नसतो असे नाही. पण दार नसलेल्या कोपीत कायदा कोठे टांगून ठेवायचा, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आम्ही त्यांची बाजू घेत नाही. आम्ही कारण सांगत आहोत. कारण कळल्यावाचून रक्षण होत नाही.

या मुलांसाठी प्रयत्न झाले नाहीत असेही नाही. फडाजवळच शिकवणाऱ्या साखरशाळा निघाल्या आणि त्यांनी पुष्कळ मुलांना अक्षरओळख दिली. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आल्यावर असे ठरले, की या मुलांना निराळी शाळा नको, जवळच्या नेहमीच्या शाळेत बसवावे. आणि ज्यांना गावी ठेवता येईल त्यांच्यासाठी तिकडे हंगामी वसतिगृहे काढावीत. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही आली. कायद्याप्रमाणे वर्षाच्या मध्येही शाळेने प्रवेश नाकारता येत नाही. दाखला आला नाही म्हणून मूल थांबवता येत नाही. स्थलांतरित मुलाजवळ द्यायचे शिक्षण हमी कार्डही आहे. मग ती मुलगी शाळेपासून हाकेच्या अंतरावर चुलीपाशी का? कारण शाळेत नेणारा हात कोणाचा, हे ठरलेले नाही. तिच्या गावची समिती म्हणते, मुलगी येथे नाही. आपल्या गावची म्हणते, मुलगी येथली नाही. कारखाना म्हणतो, करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी पोरे आणा म्हणालो नव्हतो. न्यूपोर्ट आणि श्रॉपशायर यांच्यामध्ये तेवढे दोनच पक्ष होते. येथे चार आहेत!

येथे कोणी म्हणेल, परगावच्यांचे ओझे गावाने किती वाहावे? त्याला उत्तर आम्ही आपल्याच अंगणातले देतो. आषाढी वारीला तुकोबांची पालखी बारामतीत येते, सणसरवरून पुढे जाते, बेलवडीला रिंगण होते, निमगाव केतकीवरून इंदापुरात मुक्काम पडतो. त्या गर्दीत एखादे पोर चुकले तर काय होते? ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो. कोणी त्याला खांद्यावर घेतो, कोणी केळे देतो, पोलीस ठाण्यात बायका त्याला जवळ घेऊन बसतात. पोर कोणत्या दिंडीचे, कोणत्या जिल्ह्याचे, हे त्याला आईकडे पोचवण्यासाठीच विचारतात; झिडकारण्यासाठी विचारीत नाहीत. "ते आपले नव्हे" असे त्या दिवशी एकही माणूस म्हणत नाही. मग एका रात्रीच्या पाहुण्याला जो न्याय, तो सहा महिने आपल्या वेशीच्या आत राहणाऱ्या मुलाला का नसावा? वारकऱ्याचे पोर देवाकडे चालले आहे म्हणून आपले; आणि ज्याचे आईबाप आपला ऊस तोडतात, ते परके? हा हिशेब आम्हांला उलगडत नाही.

म्हणून आमचे म्हणणे एका वाक्यात असे आहे: वेशीच्या आत जे मूल आज रात्री झोपणार आहे, ते त्या गावच्या समितीचे. रेशनकार्ड कोठलेही असो, शाळेतले नाव कोठेही असो. हे एकदा मान्य केले, की पुढच्या चार गोष्टी फार अवघड नाहीत.

पहिली गोष्ट मोजणीची. हंगामाच्या आरंभी बॉयलर पेटवण्याचा आणि गव्हाणीत मोळी टाकण्याचा समारंभ होतो. तालुक्यातली सारी प्रतिष्ठित मंडळी त्याला असतात. कोणती टोळी कोणत्या गावी उतरणार, हे शेतकी खात्याला ठाऊक असते. ती यादी त्याच सुमारास तालुका समितीच्या हाती यावी आणि टोळी उतरल्यापासून आठ दिवसांत गावच्या समितीच्या दोघांनी कोप्यांवर जाऊन अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचे नाव, वय, गाव, इयत्ता लिहून घ्यावी. जे मोजले नाही त्याचे रक्षण होत नाही.

दुसरी गोष्ट भेटीची. महिन्यातून एक ठरलेला दिवस असावा, आणि त्या दिवशी मुलांना तीन साधे प्रश्न विचारावेत: काल शाळेत किंवा अंगणवाडीत गेला होतास का? ताप आला तेव्हा कोणी कोठे नेले? रात्री आईबाप फडावर असताना तू कोणाजवळ असतोस? मुलगी वयात आलेली असेल तर हे बोलणे बाईमाणसानेच करावे. या तीन उत्तरांत बहुतेक सारे येते. खेड्यात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकांवर, म्हणजे ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांच्यावर, आहे. ते या भेटीला असले तर कितीतरी लग्ने ठरण्याआधीच थांबतील.

तिसरी गोष्ट ग्रामसभेची. समितीवर लक्ष ठेवायचे कोणी? जिल्हाधिकारी आहेतच, पण समितीला सर्वांत जवळचा न्यायासनाचा चौथरा म्हणजे ग्रामसभा. वर्षातून निदान चार सभा व्हाव्या लागतात, आणि २६ जानेवारी तर ऐन हंगामात येतो. त्या दिवशी समितीने उभे राहून चार आकडे वाचावेत: मुले किती मोजली, शाळेत किती बसली, बैठका किती झाल्या, वर काय मागितले आणि काय मिळाले नाही. आकडेच वाचावेत, नावे नव्हेत. संकटातल्या मुलाची ओळख उघड करणे कायद्याने मना आहे आणि माणुसकीलाही धरून नाही. आकडे कमी असले तरी चालेल. पण वाचलेच गेले नाहीत तर गावाने विचारावे. नुसत्या फलकावरच्या नावांना कोणी प्रश्न विचारीत नाही, म्हणून ती फलकावरच राहतात.

चौथी गोष्ट निरोपाची. उसाची प्रत्येक खेप वजनकाट्यावर चढते आणि तिची पावती मिळते. एक मोळी हरवली तरी हिशेब लागतो. मूल मात्र एका जिल्ह्यातून निघून दुसऱ्यात जाते आणि कोणी कोणाला पावती देत नाही. पट्टा पडल्यावर गावच्या समितीने मुलाच्या गावच्या समितीला एक पत्र धाडावे: अमुक मूल तुमच्याकडे परत येत आहे, अमुक इयत्तेत इतके दिवस शिकले, अमुक लस दिली, अमुक काळजी घ्यावी. तिकडून पोच यावी. पोच आली नाही तर पुन्हा विचारावे. दोन कचेऱ्यांच्या मधली फट बुजवायला याहून स्वस्त उपाय आम्हांला ठाऊक नाही.

याला तीन आक्षेप येतील, ते आम्ही आधीच ऐकलेले आहेत.

एक असा, की देखरेखीच्या नावाखाली गरिबांच्या घरात नाक खुपसणे सुरू होईल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोप्यांवर चार माणसे वही घेऊन आली की आईबापांना पहिली भीती वाटते ती हीच, की पोर उचलून नेतील. म्हणून समितीने पक्के लक्षात ठेवावे: गरिबी हा गुन्हा नाही. कायदाच सांगतो, की मुलाच्या पालनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय. ज्या मुलाला खुंटाला बांधले होते, त्याच्या आईने ते निर्दयपणे केले नव्हते. चुलीपासून वाचवण्यासाठी केले होते. तिला दटावायला जाणारा माणूस चुकला. तिच्या मुलासाठी सहा महिने अंगणवाडीचे दार उघडून देणारा माणूस बरोबर. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, ती अशाच मुलांसाठी. जेथे बाप वारला आहे, आई एकटी आहे, तेथे राज्याच्या बालसंगोपन योजनेतून २०२३ पासून दरमहा २,२५० रुपयांची मदत मिळू शकते. ती मिळवून देणे हेही समितीचेच काम. मात्र मुलावर अत्याचार होत असेल तेथे गप्प बसणे हा कुटुंबाचा मान राखणे नव्हे. तेथे कायद्याने कळवलेच पाहिजे.

दुसरा आक्षेप असा, की अंगणवाडी सेविकेवर आधीच कामांचे डोंगर आहेत. हे अगदी खरे आहे. म्हणूनच आम्ही हे व्याख्यान सेविकांपुढे न देता नागरिकांपुढे देत आहोत. या सभेत निवृत्त शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, वकील आहेत, ज्यांची मुले मोठी होऊन परगावी गेली अशा मातोश्री आहेत. समितीत जाणत्या नागरिकांसाठी जागा ठेवलेली आहे. ती जागा रिकामी ठेवून सेविकेला दोष देणे हे आपल्याला शोभत नाही. शहरातही वीटभट्टी आहे, बांधकाम आहे, स्थानकावर झोपणारी मुले आहेत. प्रभागाच्या समितीत जाऊन बसायला कोणाची मनाई आहे?

तिसरा आक्षेप असा, की हे कारखान्याने करावे. कारखान्याने जरूर करावे. कोप्यांपाशी पाणी, दिवा, पाळणाघर, संडास हे त्यानेच द्यावे, आणि सभासद म्हणून वार्षिक सभेत आपण ते मागावे. येथल्या पुष्कळ श्रोत्यांच्या घरी उसाचे पैसे येतात. सहकारी कारखाना म्हणजे परका मालक नव्हे, तो आपणच. "कारखान्याची मुले" असे म्हणणारा सभासद, नकळत, "माझी मुले" असेच म्हणत असतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. कोणाला काही दिसले आणि कोणाला सांगावे हे कळले नाही, तर १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता शासनाच्या यंत्रणेतून चालते. फोन करायला मूल आपले असावे लागत नाही. ते दिसावे लागते.

आज येथे बसलो असताना तो हंगाम संपला आहे. कोप्या मोडल्या, चुलीचे तीन दगड तेवढे रानात राहिले असतील. ती मुलगी गावाकडे गेली असेल. तिची शाळा तिला वरच्या वर्गात ढकलील, कारण नाव तिकडेच आहे. पण गेल्या सहा महिन्यांत ती काय शिकली हे कोणी विचारणार नाही. दसऱ्याला ती परत येईल. तेव्हा ती एका वर्षाने मोठी असेल, आणि तिच्या लग्नाची बोलणी कदाचित निघाली असतील. आपल्या हाती हे पाच-सहा महिने आहेत. येत्या १५ ऑगस्टच्या आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपापल्या गावी एवढाच प्रश्न विचारावा: टोळ्या येतील तेव्हा मुले कोण मोजणार? दोन नावे लिहून घ्यावीत आणि त्या दोघांना २६ जानेवारीला जाब विचारावा.

एवढे झाले तर पुढच्या पौषात शाळेची घंटा वाजेल तेव्हा त्या कोपीपुढून कोणीतरी तिचा हात धरून चालत असेल.